जुन्या ट्रकची बसलेली सीट : कुशनच्या धंद्यातील हिशेब आणि हुन्नर

गाडी जुनी झाली की मालक इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी पाहतो, कमानपाट्यांवर हात फिरवतो. ड्रायव्हरच्या सीटकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. तोपर्यंत त्या सीटवर एक जुनी घोंगडी, तिच्यावर दुहेरी घडीचा टॉवेल आणि त्यावर लाकडी मण्यांचे कव्हर असे थरावर थर चढलेले असतात. खालची गादी केव्हाच बसलेली असते. दाराकडची कड तर चढता-उतरता घासून पार सपाट झालेली असते आणि ड्रायव्हर एका अंगाला कलून दिवसाचे दहा-बारा तास गाडी हाकत असतो. कंबर दुखते असे तो म्हणतो तेव्हा मालक त्याला गोळी घ्यायला सांगतो. सीट बदलायचे कोणाच्या मनात येत नाही.

हे काम करणारा कारागीर म्हणजे कुशनवाला. जिथे ट्रक टर्मिनल, जिथे ट्रान्सपोर्टच्या वखारी, तिथे वेल्डर, पत्रेवाला, पेंटर यांच्या रांगेत एखादे तरी कुशनचे दुकान असतेच. भिवंडी, कळंबोली, मालेगाव, धुळे, मिरज, सोलापूर, कुठेही जा. या दुकानांतून आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्याला कारणही आहे. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखली जाणारी घराणी पिढ्यान् पिढ्या धनुकलीने कापूस पिंजत आली. गाद्या भरणे, टाके घालणे, कडा बांधणे हा हात त्यांच्याकडे होताच. कापसाच्या जागी काथ्या आला, काथ्याच्या जागी फोम आला, तेव्हा पिंजण खुंटीवर गेले, पण दाभण हातातून सुटले नाही. घरगुती गादीचा धंदा तयार मालाने खाल्ला म्हणून कित्येकांनी मोटारीच्या सीटची वाट धरली.

आता या कामालाही घसरण लागली आहे. पूर्वी टाटा किंवा लेलँडची गाडी बहुधा उघड्या चासीवर येई, केबिन इथला बॉडी बिल्डर लाकूड-पत्र्याने बांधे आणि त्यातली सीट इथला कुशनवाला करी. आता केबिन कारखान्यातून पूर्ण होऊन येते. २०२५ सालापासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना तर वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. म्हणजे नव्या गाडीत कुशनवाल्याला हात घालायला जागा उरली नाही. जे काम आहे ते जुन्या गाडीत आहे, आणि जुन्या गाडीचा मालक पैसे सोडायला तयार नसतो. या ओढाताणीत दुकानदार हलका फोम घालू लागले, हलक्या फोमची सीट सहा महिन्यांत बसू लागली, आणि "कुशनवाले फसवतात" असे ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले. नाव एकदा गेले की दुकानासमोरून गाड्या थांबल्याशिवाय जातात. म्हणून या अंकात आम्ही जुन्या ट्रकची सीट नीट कशी करावी आणि तिचा हिशेब कसा मांडावा, हे जरा खोलात जाऊन पाहणार आहोत.

पैसे एकाचे, बसणार दुसरा

या धंद्याची खरी अडचण अशी की जो पैसे देतो तो सीटवर बसत नाही, आणि जो बसतो त्याला कोणी विचारत नाही. दुकानात होणारी बोलणी सगळ्यांना पाठ आहेत. मालक म्हणतो, "उस्ताद, सीट करून टाका. स्वस्तात बघा, गाडी पुढच्या वर्षी काढायचीच आहे." ड्रायव्हर बाजूला उभा असतो. तो म्हणतो, "चाचा, जरा कडक करा, मऊ नको." मालक रेक्झिनचा रंग निवडतो आणि निघून जातो. कारागीर मधल्या मध्ये अडकतो.

आमचे म्हणणे असे की अशा वेळी कारागिराने ड्रायव्हरला आधी जुन्या सीटवर बसवावे आणि पाच मिनिटे पाहावे. पाय क्लचवर पूर्ण दाबला जातो काय? गुडघ्यामागे सीटची कड रुतते काय? डोके छताला किती जवळ येते? आरशात मागचे दिसते काय? ही मापे टेपने घेऊन वहीत लिहावीत. एकाच नंबरच्या गाडीवर सहा फुटी ड्रायव्हर असेल आणि सव्वापाच फुटीही असेल, दोघांची सीट एका मापाने होत नाही. मालकाला समजावताना मात्र कंबरदुखीची गोष्ट काढून फारसा उपयोग होत नाही, हेही खरे. त्याला हिशेब सांगावा : हलकी सीट वर्षात दोनदा करावी लागेल, दोन्ही वेळा गाडी उभी राहील, रेक्झिन दोनदा लागेल, मजुरी दोनदा लागेल. उभ्या गाडीचा खर्च मालकाला बरोबर कळतो.

वर घालण्याआधी खाली पाहा

सर्वांत वाईट रिवाज म्हणजे जुन्या गादीवरच दोन इंच नवा फोम चिकटवून वरून कव्हर ओढणे. दिसायला सीट फुगीर दिसते, ड्रायव्हर खूश होतो. पण खालचा मेलेला फोम तसाच असतो, त्यामुळे वरचा फोम एकटाच सगळे वजन झेलतो आणि लवकर मरतो. शिवाय सीट दोन इंच वर गेल्याने पाय लोंबतात, पेडलवर ताकद कमी पडते, आरसे चुकतात. म्हणून कव्हर उसवून सीट नागडी केल्याशिवाय भाव सांगूच नये.

जुन्या गाड्यांत तीन प्रकार सापडतात. सर्वांत जुना प्रकार लोखंडी चौकटीत गोल स्प्रिंगांचा : वर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापूस आणि मग रेक्झिन. दुसरा नागमोडी स्प्रिंगांचा, त्यावर फोम. तिसरा, बॉडी बिल्डरच्या हातचा, प्लायवूडच्या फळीवर सरळ फोम ठेवलेला. तिन्हींचे दुखणे वेगळे.

स्प्रिंगांच्या सीटमध्ये एखाद-दुसरी स्प्रिंग तुटलेली असते आणि तिचे टोक फोममध्ये घुसून त्याला करवतीसारखे कापत असते. तेवढी एकच बदलून भागत नाही, कारण जुन्या स्प्रिंगा दबून बुटक्या झालेल्या असतात आणि नवी त्यांच्यात उंच राहते. एका ओळीतल्या सर्व बदलाव्यात, चांगल्या राहिलेल्या कडेच्या ओळीत न्याव्यात, कारण वजन मधोमध येते. स्प्रिंगा एकमेकींना सुतळीने बांधण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. दोरी ढिली राहिली तर स्प्रिंग आडवी पडते, फार ताणली तर स्प्रिंगचा उपयोगच राहत नाही. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये जाड गोणपाट किंवा कॅनव्हास घातलाच पाहिजे. हा थर वाचवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. शे-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी ते पूर्ण गादीचे आयुष्य कापतात.

प्लायवूडच्या सीटमध्ये फळी पाण्याने फुगलेली असते. कोकणात चालणाऱ्या गाड्यांत तर हात लावताच पापुद्रे निघतात. तिथे साधी फळी न घालता पाण्याला टिकणारी प्लाय घालावी आणि तिला अर्ध्या इंचाची आठ-दहा भोके पाडावीत. भोके नसतील तर ड्रायव्हर बसल्यावर फोममधली हवा बाहेर जायला वाट राहत नाही, ओल आत कोंडते आणि गादीला वास येतो.

लोखंडी चौकट गंजली आहे काय, वेल्डिंगला चीर आहे काय, सीट पुढे-मागे सरकवण्याचे रनर घट्ट अडकतात काय, हे कव्हर निघाले असतानाच पाहून घ्यावे. चालत्या गाडीत रनर सुटला आणि ब्रेक मारताना सीट मागे गेली तर काय होईल हे सांगायला नको. एक गोष्ट विशेष सांगतो : काही गाड्यांत बॅटरी सीटखाली असते. गादी बसली, स्प्रिंग लोंबू लागली आणि ती बॅटरीच्या टोकांना लागली तर ठिणगी पडते, आणि वर फोम व रेक्झिन म्हणजे जळणच. अशा गाडीत बॅटरीवर रबराचे किंवा फायबरचे झाकण बसवल्याशिवाय सीट परत करू नये. आणि सीटचे बोल्ट जिथे मुळात होते तिथेच, तेवढ्याच जाडीचे घालावेत. सीट बेल्टच्या बोल्टला तर कुशनवाल्याने हातच लावू नये.

फोम तराजूवर घाला

आता मुद्द्याची गोष्ट. बाजारात फोम चादरीने आणि इंचाने विकला जातो, पण त्याचा कस वजनात असतो. "डेन्सिटी ४०" याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. दुकानदार शिक्का दाखवतो किंवा तोंडी नंबर सांगतो. कारागीर बोटाने दाबून "हो, बरोबर आहे" म्हणतो. इथेच गल्लत होते, कारण बोटाला जे कळते ती कडकपणा, डेन्सिटी नव्हे. हलका फोमही रसायने बदलून कडक करता येतो. तो दुकानात कडक लागतो आणि रस्त्यावर चार महिन्यांत बसतो. भारी फोम मऊही असू शकतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. ५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि १० जाड असा तुकडा घ्या. ड्रायव्हरच्या बैठकीला साधारण एवढाच लागतो. ४० डेन्सिटीचा असेल तर तो बरोबर १ किलो भरेल. ३२ चा असेल तर ८०० ग्रॅम. २४ चा असेल तर ६०० ग्रॅम, आणि १८ चा म्हणून जो उशांत वगैरे घालतात तो ४५० ग्रॅम. तराजू खोटे बोलत नाही. पूर्ण चादर घेताना, ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाड, ४० डेन्सिटीची असेल तर साधारण ६ किलो ८०० ग्रॅम भरली पाहिजे, आणि ३२ ची असेल तर सुमारे ५ किलो ४०० ग्रॅम. ज्या वाचकांचा फोम विकण्याचाच धंदा आहे त्यांनी रागावू नये. जो माल वजनाने खरा आहे त्याच्या दुकानदाराला काटा दुकानाबाहेर ठेवण्यात नुकसान नाही, उलट फायदा आहे.

पण एवढ्यावरही भागत नाही. हलक्या मालात खडूसारखी पावडर मिसळून वजन वाढवण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. तो फोम काट्यावर बरोबर उतरतो. त्यासाठी दुसरी परीक्षा करावी. तुकड्याची कड दोन बोटांत जोराने चुरडा. बोटांना पीठ लागले किंवा तुकडा कुसकरून तुटला, तर समजावे. खऱ्या फोमला ताण दिला की तो आधी ताणतो, मग फाटतो. तिसरी परीक्षा रात्रीची : चार इंचाचा तुकडा दोन फळ्यांमध्ये शिकंज्याने दोन इंचांवर आणून रात्रभर ठेवावा, सकाळी सोडावा आणि अर्ध्या तासाने मोजावा. चांगला फोम जवळजवळ पूर्ण उंचीवर परत येतो. हलका तीन-साडेतीन इंचांवर थबकतो. प्रयोगशाळेतही हीच परीक्षा करतात, फक्त ती ७० अंश सेल्सियस उष्णतेत २२ तास करतात. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या असलेल्या ट्रकची सीट किती तापते, आणि इंजिनाच्या बॉनेटशेजारची बाजू आणखी किती, हे लक्षात घेतले तर ती परीक्षा फार कठोर वाटणार नाही.

किती जाड, किती कडक

ड्रायव्हर कडक मागतो, कारण मऊ सीटमध्ये तो खाली टेकतो आणि फळी लागते. त्याचे दुखणे खरे आहे, इलाज मात्र पूर्ण बरोबर नाही. नुसता कडक फोम घातला तर बसण्याची हाडे दुखतात आणि तो पुन्हा वर टॉवेल टाकतो. इलाज थरांचा आहे. सर्वांत खाली इंच-दीड इंच बॉन्डेड फोम, म्हणजे फोमच्या चुऱ्याचा दाबून केलेला जड माल, ८० ते १०० डेन्सिटीचा. तो टेकू देतो नि फळी लागू देत नाही. त्यावर तीन इंच ४० डेन्सिटीचा. सर्वांत वर अर्धा ते एक इंच मऊ थर. स्प्रिंगांवर करायचे असेल तर बॉन्डेड पातळ चालेल. फळीवर करायचे असेल तर एकूण जाडी पाच इंचांच्या खाली आणू नये. आणि सगळे मिळून उंची मूळ सीटएवढीच राहिली पाहिजे. जागा कमी असेल तर फळी खाली न्यावी, ड्रायव्हर वर नेऊ नये.

मांडीखालची पुढची कड हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. बहुतेक दुकानांतून ती चौकोनी कापतात, कारण चौकोनी कडेवर रेक्झिन छान बसते. परंतु तीच कड मांडीच्या मागच्या नसा दाबते आणि तासाभरात पाय बधिर होतात. ती तिरकी कापून गोल करावी आणि तिथे मऊ फोम घालावा. ड्रायव्हर पाठ टेकून बसला असता त्याच्या गुडघ्यामागे आणि कडेमध्ये तीन-चार बोटे आडवी गेली पाहिजेत. जात नसतील तर बैठक लांब झाली असे समजावे. दाराकडची कड मात्र उलट, कडक हवी. तिथे बॉन्डेडचा उभा पट्टा घालावा, कारण चढताना सगळे वजन तिच्यावर येते.

इथे फोमची मर्यादाही सांगितली पाहिजे. बसलेल्या माणसाच्या कण्याला सर्वांत जास्त त्रास सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हिसक्यांचा होतो, आणि कमानपाट्यांवरचा ट्रक, विशेषतः रिकामा, बरोबर त्याच्या आसपास हिसके देतो. साधी फोमची गादी यातले काही हिसके कमी करण्याऐवजी थोडे वाढवतेच. हे कमी करायला खाली झुलणारी, शॉक अब्सॉर्बरवाली सीट लागते. नव्या गाड्यांतून निघालेल्या अशा सीटा भंगार बाजारात मिळतात आणि पुष्कळ जण त्या जुन्या केबिनमध्ये बसवतात. कल्पना चांगली आहे, पण सीट उंच असते आणि लाकडी तळाच्या केबिनमध्ये ती नुसती फळीला ठोकून चालत नाही. खालून लोखंडी अँगल घेऊन चासीच्या आधाराला बांधावी लागते. ज्याच्याकडे चांगला फॅब्रिकेटर जोडीला नाही त्याने हे काम घेऊ नये.

पाठीची गादी लवकर उरकतो, कारण ती कमी झिजते. तिच्यात एकच गोष्ट पाहायची : बैठकीपासून वीत-दीड वीत उंचीवर, कंबरेच्या खोलगट भागाला टेकू देणारा इंचभर उंचवटा असावा. पाठ सरळ ९० अंशांत उभी करू नये, १०० ते ११० अंश कल चांगला.

कारखान्याच्या केबिनमधली साच्यात ओतलेली फोमची सीट आली तर सगळी फेकून देण्याचे कारण नसते. तिच्या कडा व पाठ बहुधा शाबूत असतात, मधला खळगाच मेलेला असतो. तेवढा भाग सुरीने चौकोनी कापून काढावा आणि त्याच मापाचा भारी तुकडा सोल्यूशनने बसवावा. साच्याच्या आत तार असते, तिला कव्हर अडकवलेले असते. ती कापली गेली तर कव्हर पुन्हा कधी ताणून बसत नाही.

रेक्झिन, दोरा आणि सोल्यूशन

पूर्ण रेक्झिनची सीट पुसायला सोपी, पण ती श्वास घेत नाही. घाम आत राहतो, ड्रायव्हर टॉवेल टाकतो आणि टॉवेल सरकत राहतो. बसायचा मधला पट्टा जाड सुती किंवा सीटच्या खास कापडाचा आणि बाजू रेक्झिनच्या, हा मध्यम मार्ग आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. कापड घेताना ते किती पेट घेते हेही पाहावे. वाहनाच्या आतल्या मालाने हळू जळावे, यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. ड्रायव्हरांपैकी किती जण केबिनमध्ये बिडी ओढतात आणि किती जण मागे स्टोव्ह बाळगतात, ते आपण जाणतोच.

कव्हर कापण्यासाठी जुने कव्हर उसवून त्याचाच नमुना घ्यावा. उसवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर खडूने आडव्या खुणा केल्या म्हणजे शिवताना तुकडे सरकत नाहीत. मात्र जुने कव्हर ताणून मोठे झालेले असते, तेव्हा ते तसेच न घेता मूळ चौकटीवर ठेवून माप ताडावे. फोम चौकटीपेक्षा अर्धा इंच मोठा आणि कव्हर बरोबर मापाचे, म्हणजे सुरकुती राहत नाही. शिलाई बारीक घालण्याचा मोह आवरावा. रेक्झिनला इंचाला सहा-सात टाके पुरे. दहा-बारा घातले तर टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि तिथूनच ते फाटते. सुती दोरा घामाने कुजतो, नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच घ्यावा. कव्हर चढवण्याआधी तासभर उन्हात ठेवले तर रेक्झिन मऊ पडते आणि कोपरे सहज ओढले जातात.

सोल्यूशनबद्दल दोन शब्द. ते दोन्ही बाजूंना पातळ लावावे, बोटाला चिकट पण ओले लागणार नाही इतके सुकू द्यावे, मग जोडावे. घाईने ओलेच जोडले तर तिथे कडक गाठ होते आणि ती बसणाऱ्याला टोचते. शिवाय त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेटही चटकन घेते. बंद शटरच्या आत, बल्बखाली, लहान मुलाला मदतीला घेऊन हे काम चालते, ते बंद झाले पाहिजे. शटर उघडे ठेवावे, तोंडाला मास्क लावावा, डबा झाकून ठेवावा आणि वेल्डरला त्या वेळी शेजारी काम करू देऊ नये.

भाव कसा सांगावा

तोंडी "एका सीटचे इतके" असा भाव सांगण्याने कारागीर मार खातो. कारण शेजारचा त्याहून शंभर कमी सांगतो आणि फोम हलका घालतो. मालकाला फरक दिसत नाही. त्यापेक्षा कागदावर लिहून द्यावे : फोम अमुक डेन्सिटीचा, अमुक वजनाचा, बॉन्डेड इतके, रेक्झिन इतके मीटर, स्प्रिंगा इतक्या, मजुरी इतकी. दोन भाव द्यावेत, एक पूर्ण कामाचा आणि एक साध्या कामाचा, आणि साध्यात काय कमी आहे तेही लिहावे. दुकानात १८, २४, ३२, ४० असे नंबर लिहिलेले एकाच मापाचे तुकडे आणि एक काटा ठेवावा. गिऱ्हाइकाने स्वतः उचलून पाहिले की अर्धे काम होते. गादीच्या तळाला आतून तारीख आणि डेन्सिटी मार्करने लिहून ठेवली तर सहा महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा वाद होत नाही.

चादर कापण्यातही पैसा आहे. ६ बाय ३ च्या चादरीतून साडेवीस इंचाच्या तीन बैठका निघतात आणि लांबीने १५ इंचांची पट्टी उरते. ती पट्टी पुढच्या कडा, बाजूचे उंचवटे आणि कंबरेचा टेकू यांना पुरते. जो एकेका सीटसाठी फोम आणतो त्याला ही पट्टी कधी मिळत नाही. दोन-तीन दुकानदारांनी मिळून चादरी आणल्या तर प्रत्येकाची बचत होते. पण आपल्यात एकत्र खरेदी करण्यापेक्षा एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्याची हौस जास्त, हे लिहिताना वाईट वाटते.

कामाची टंचाई मात्र लगेच येणार नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, आणि केबिनची दुरुस्ती त्या निमित्ताने निघतेच. ऑगस्ट २०२१ मध्ये गाड्या भंगारात काढण्याचे धोरण आले, तरी लहान मालक जुनी गाडी चालेल तोवर चालवतो. सरकारी मदतीच्या बाजूने पाहिले तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, चर्मकार आहे, टोपली-चटई करणारा व काथ्या विणणारा आहे, पण कुशनवाला नावाने नाही. त्या योजनेत अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज आहे. जाड शिलाईची एक चांगली मशीन घ्यायची तर ही रक्कम कामाची होती. या व्यवसायाचे नाव यादीत यावे यासाठी कारागिरांच्या संघटनांनी अर्ज केला पाहिजे. एकट्या-दुकट्याच्या अर्जाने ते होणारे नाही.

जाता जाता जुन्या फोमचे. दुकानामागे त्याचा ढीग लावून संध्याकाळी पेटवून देण्याची सवय सर्वत्र दिसते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा विषारी वायूही असतो. वस्तीत तो धूर सोडणे म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात विष सोडणे आहे. आणि त्यात पैसाही जळतो. बॉन्डेड फोम बनवणाऱ्यांना कच्चा माल म्हणून हाच चुरा लागतो आणि तो वजनावर विकला जातो. नव्या फोमची कात्रणे एका गोणीत, जुना पण कोरडा फोम दुसऱ्या गोणीत ठेवावा. तेल-डिझेल लागलेला, ओला आणि कुजलेला वेगळा काढावा, नाहीतर घेणारा पूर्ण गोणीचा भाव पाडतो. काथ्या निघाला तर तो झटकून उन्हात वाळवावा. चांगला असेल तर क्लीनरच्या मागच्या बर्थच्या गादीला तो अजून दोन-चार वर्षे जातो.